शिवार कागदावर आले त्याची हकिकत

आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्यास त्याचा सातबारा विचारा. गट नंबर, क्षेत्र, आकार, विहिरीतला हिस्सा, एवढे सगळे तो तोंडपाठ सांगेल. चुलत्याने कोणत्या साली नाव लावून घेतले तेही सांगेल. पण त्याच गावचा नकाशा त्याच्यापुढे पसरा आणि त्याचे शेत दाखवावयास सांगा. तो कागद एकदा उजवीकडून पाहील, एकदा डावीकडून पाहील, आणि अखेरीस तलाठ्याकडे किंवा शहरातून आलेल्या पुतण्याकडे बघेल. अमावास्येच्या रात्री कंदिलावाचून ज्याला आपला बांध सापडतो, असा हा माणूस कागदावर पाऊल ठेवताच वाट चुकतो. यात हसण्यासारखे काही नाही. पदवी घेतलेल्या मंडळींचीही या कागदापुढे तीच गत झालेली मी पाहिली आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, आणि पोटासाठी मुलांना भूगोल शिकवतो. आमच्या शिक्षणक्रमात नकाशा असतो; मुले नाइल नदी निळ्या पेन्सिलीने आणि सहारा पिवळ्या पेन्सिलीने रंगवतात, आणि त्यांना गुण मिळतात. परंतु ज्या नकाशावरून त्यांच्या बापाने भावाशी पंधरा वर्षे दावा लढवला, तो नकाशा कसा वाचावा हे आम्ही त्यांना शिकवत नाही. या विचाराने मला काही वर्षे त्या कागदाच्या मागे लावले. आपले शिवार मुळात कागदावर आले कसे, ते कोणी मोजले, कशाने मोजले, आणि मोजताना काय टिपले व काय सोडून दिले, याची ही हकिकत आहे.

जमीन मोजणे आपल्याला इंग्रजाने शिकवले असे पुष्कळांस वाटते. ते खरे नाही. शिवछत्रपतींच्या कारकिर्दीत अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी झाली, तिचे माप सभासदाने बखरीत नमूद केले आहे. पाच हात आणि पाच मुठी लांबीची काठी. अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा. आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. त्याही आधी मलिक अंबराने जमाबंदीची घडी बसवली होती. म्हणजे काठी होती, हिशेब होता, थळझाडे होते. नव्हता तो शेताशेताचा, प्रमाणात काढलेला नकाशा.

तो का नव्हता? मला वाटते, त्याची गरज ज्याला भासावी असा माणूस गावात नव्हता. प्रत्येक शेताला नाव होते. वडाचे, खालचा मळा, माळवट, पांदीजवळचे. नाव घेतले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे ते शेत उभे राही. गावाची शिव नाल्याने, टेकाडाने, एखाद्या जुन्या चिंचेने नाहीतर पुरलेल्या धोंड्याने ओळखली जाई. नकाशे काढणारेही आपल्याकडे होते. मोडी लिपीत नावे लिहिलेली मराठ्यांच्या काळची चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. त्यांत डोंगर समोरून पाहिल्यासारखा उभा, झाडे आपल्या फांद्यांसकट, आणि किल्ला तटाबुरुजांसह काढलेला दिसतो. ही चित्रे मुलुखाची आहेत, मोहिमेच्या कामाची आहेत. घाट कोठे, पाणी कोठे, ठाणे कोठे, हे त्यांना सांगावयाचे असते. रामजीचे शेत किती आणि तुकोजीचे किती, हे त्यांना कोणी विचारलेले नव्हते.

हे ज्ञान गावात कोणापाशी होते, हेही येथे सांगितले पाहिजे. दोन गावांत शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा भरे, महजर होई, क्वचित दिव्याची पाळी येई; आणि शिव कोठून जाते हे सांगण्याचा मान महाराचा असे. तो गावाच्या कडेला राहणारा. परगावचे टपाल, सरकारी खजिना, वाटसरू यांच्यासोबत शिवेपर्यंत जाणे-येणे हे त्याचे वतनाचे काम. पिढ्यान्पिढ्या ती कड त्याच्या पायाखालून गेलेली. ज्याला देवळाच्या पायरीवर उभे राहू देत नसत, त्याच्या शब्दावर दोन गावांच्या हद्दी ठरत. आपल्या गावगाड्याच्या अनेक विसंगतींपैकी ही एक. पुढच्या हकिकतीसाठी ती ध्यानात ठेवावी.

1818 साली पेशवाई बुडाली. नव्या सरकारला सारा वसूल करावयाचा होता, आणि ज्या देशमुख-देशपांडे-कुलकर्ण्यांच्या दप्तरावरून तो करावयाचा, त्यांच्यावर त्याचा विश्वास नव्हता. गावात न राहणाऱ्या, गाव न ओळखणाऱ्या माणसाला घरबसल्या शेत दिसले पाहिजे, ही गरज प्रथमच निर्माण झाली. शेताचा नकाशा या गरजेपोटी जन्मला.

मोजणीसाठी माणसे हवी होती, आणि ती विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते. 1823 साली मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने इंजिनिअर इन्स्टिट्यूशन सुरू केली, तिचा एक हेतू मोजणी खात्याला व बांधकाम खात्याला शिकलेली एतद्देशीय माणसे पुरवणे हा होता. शिक्षकाच्या पोटी जीव असलेल्या मला या संस्थेचे अतोनात कौतुक वाटते, ते अशासाठी की तेथील शिक्षण देशी भाषांतून चाले. हटन नावाच्या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथावरून जर्व्हिसने शास्त्रीमंडळींच्या मदतीने मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. आज इंग्रजीवाचून शास्त्र शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की मराठी मुलाने भूमिती आणि मोजणी दोनशे वर्षांपूर्वी मराठीतून शिकून त्यावर पोट भरले आहे. ही संस्था दहा वर्षेही धड चालली नाही, ही गोष्ट वेगळी.

आता मुख्य कथेकडे वळू. पुण्याचा असिस्टंट कलेक्टर रॉबर्ट कीथ प्रिंगल याने 1827-28 च्या सुमारास दख्खनची पहिली मोठी मोजणी हाती घेतली. हा गृहस्थ हुशार होता. कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात तो शिकला होता, आणि तेथे अर्थशास्त्र शिकवावयास खुद्द माल्थस होता. शेताच्या उत्पन्नातून मशागतीचा सगळा खर्च वजा केला असता जे निव्वळ उरते, त्यावर सरकारचा हक्क, हा तिकडच्या पंडितांचा सिद्धांत. प्रिंगलने तो इंदापूरच्या माळरानावर लावला. निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा 55 सारा ठरवला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न किती, बैलाचा खर्च किती, बियाणे किती, याचे तक्ते तयार झाले. तक्ते भरणारे कारकून मात्र हाताखालचे होते. कोणाची बरड जमीन काळीत गेली, कोणाची काळी बरडात गेली. ज्याने ज्याचा हात ओला केला त्याप्रमाणे प्रत बदलली. त्यात धान्याचे भाव उतरले आणि पावसाने ओढ दिली. रयतेने काय केले? जे तिला नेहमी करता येत होते ते केले. गुरे-ढोरे घेऊन ती निजामाच्या मुलुखात निघून गेली. इंदापूर तालुक्यात जमिनीच्या जमिनी पडीक राहिल्या.

या प्रकरणात मला सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. नंतरच्या अधिकाऱ्यांनी जेव्हा प्रिंगलचे काम तपासले, तेव्हा त्याची लांबी-रुंदीची मोजणी बऱ्याच अंशी वापरण्याजोगी निघाली. चूक होती ती प्रतवारीत आणि आकारणीत. म्हणजे साखळी बहुतेक ठिकाणी खरे बोलली होती, आणि तरीही गावे ओस पडली. शेत किती लांब आहे हे कागदावर बरोबर आले होते. त्या शेतात काय पिकते हे आले नव्हते.

1835 साली इंदापुरात दोन तरुण अधिकारी आले. एक मुलकी खात्याचा गोल्डस्मिड, दुसरा मुंबई इंजिनिअर्सचा लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. पुढे त्यांना डेव्हिडसन येऊन मिळाला, आणि तिघांनी मिळून 1847 साली जो संयुक्त अहवाल लिहिला तो मुंबई इलाख्याच्या मोजणीचा जणू धर्मग्रंथ झाला. 1836 पासून इंदापुरात नवे दर लागू झाले, आणि ते तीस वर्षांपर्यंत बदलावयाचे नाहीत असे ठरले. आपल्या सातबाऱ्याची आणि गावनकाशाची पाळेमुळे तेथवर जातात.

त्यांची रीत थोडी तपशिलाने सांगतो, कारण नकाशा वाचावयाचा तर तो कसा केला हे कळले पाहिजे. मोजणीचे एकक म्हणजे सर्व्हे नंबर. एका बैलजोडीने करता येईल एवढ्या जमिनीचा एक नंबर, असा मूळ हिशेब. मोजावयाची साखळी 33 फुटांची आणि तिचे भाग सोळा. या भागांना नाव आण्याचे! विलायती एकर आणि देशी आणा यांची ही सोयरीक ज्याने जमवली, त्याला आमच्या लोकांचे मन कळत होते असे म्हटले पाहिजे. रुपयाचे सोळा आणे ज्याला कळतात, त्याला साखळीचे सोळा आणे निराळे शिकवावे लागत नाहीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात 1,089 चौरस फूट. आणि असे 40 गुंठे म्हणजे 43,560 चौरस फुटांचा एकर.

दुसरे हत्यार शंकू. एका काठीच्या माथ्यावर लाकडी तुकडा, त्याला एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन खाचा. एका खाचेतून शेताच्या लांब आधाररेषेकडे पाहावयाचे आणि दुसऱ्या खाचेतून बांधाचा कोपरा दिसेपर्यंत रेषेवर मागे-पुढे सरकावयाचे. कोपरा दिसला की तेथून त्या कोपऱ्यापर्यंत साखळी धरावयाची. असे करीत गेले म्हणजे कितीही वेडेवाकडे शेत असो, त्याचे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन होतात. समजा, एका त्रिकोणाचा पाया 12 साखळ्या आणि उंची 5 साखळ्या निघाली. पायाची निमपट 6, तिला उंचीने गुणले की 30. झाले, त्रिकोण 30 गुंठ्यांचा. ना फूट, ना यार्ड, ना भागाकार. सातवीतल्या मुलास हे अर्ध्या तासात शिकवता येते. मी शिकवले आहे.

मोजणीदार हे सर्व शेतातच उभा राहून एका कागदावर उतरवी, त्याला टिपण म्हणतात. टिपण हाताने काढलेले असते, प्रमाणात नसते; त्यातली रेघ लांब दिसली म्हणून बांध लांब असे नव्हे. रेघेवर जो साखळी-आण्यांचा आकडा लिहिलेला असतो तो खरा. बांधाच्या वादात अनेक घरे याच एका अज्ञानापायी बुडाली आहेत. टिपण पट्टीने मोजून ‘आमचा बांध तिकडे जातो’ असे म्हणणारे शहाणे प्रत्येक गावात आढळतात. याच टिपणांवरून पुढे कचेरीत गावनकाशा प्रमाणात काढला जाई. त्याचे नेहमीचे प्रमाण मैलाला आठ इंच. म्हणजे नकाशावरचा एक इंच जमिनीवर 660 फूट. आणि 660 ला 660 ने गुणून 43,560 ने भागले तर बरोबर 10 येतात. जुन्या गावनकाशावरचा एक चौरस इंच म्हणजे दहा एकर. एवढी एक गोष्ट ज्याच्या ध्यानात राहिली, त्याच्यापुढे तो कागद निम्मा उघडला.

मोजणी झाली की प्रतबंदी. प्रिंगलचे गाडे रुतले ते येथे, म्हणून नव्या मंडळींनी येथे फार काळजी घेतली. कारकून शेताचे कच्चे चित्र काढी, त्यावर रेघा मारून सारखे भाग पाडी, आणि प्रत्येक भागात माती उकरून खोली पाही. पावणेदोन हात खोल काळी निघाली तर ती पहिल्या प्रतीची, सोळा आण्यांची. तेथून उतरत्या क्रमाने नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. तांबडीचे कोष्टक वेगळे, बरडाचे वेगळे. त्यातही दोष पाहावयाचे: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी साचणे, ओढ्याच्या पाण्याने माती वाहून जाणे. एकेका दोषाला एकेक खूण ठरलेली, आणि दोष निघाला की प्रत उतरे. आमच्या बोलण्यात ‘सोळा आणे जमीन’ हा शब्द आजही आहे. आणा जाऊन साठ-सत्तर वर्षे झाली, तरी माती अजून आण्यांतच बोलते.

आणि सारा? तो त्यांनी पुस्तकी सिद्धांतावर ठरवला नाही. तालुक्यात मागे वसूल किती होत आला, भाव काय होते, पाऊस कसा पडतो, बाजार किती लांब आहे, हे पाहून तालुक्याचा एकूण आकडा धरला, आणि मग प्रतीप्रमाणे शेतांवर वाटला. शेतकऱ्याने विहीर पाडली, ताल घातली, तर तीस वर्षे त्यावर जास्त सारा नाही. गेलेली माणसे परत आली. इंदापूर पुन्हा पेरले गेले. प्रिंगलच्या आणि यांच्या कामात फरक कोठे पडला असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, दोघांनीही शेत मोजले, पण दुसऱ्यांनी आधी चौकशी केली आणि मग दर लावला.

येथवर ऐकून कोणास वाटेल की मी इंग्रजी मोजणीची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. कागदावर आलेल्या शेताचे पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. पूर्वी शेत म्हणजे गावाच्या तोंडी असलेली एक गोष्ट होती. आता ते एक नंबर झाले, त्याला ठराविक क्षेत्र, ठराविक आकार आणि एक नाव चिकटले. अशी वस्तू गहाण टाकावयास फार सोयीची. सावकाराला आता शिवारात जाण्याचेही कारण उरले नाही. नंबर लिहून घेतला की पुरे. शेतकऱ्याला अंगठा करता येई, वाचता येत नसे. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचे मोल आले आणि युद्ध संपताच ते गेले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत भरून इंदापुरापासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा चढला. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. दंगा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांना माणसे मारावयाची नव्हती. त्यांना हवी होती खते, रोखे, कर्जाची कागदपत्रे. ती त्यांनी मागून घेतली आणि जाळली. वाचता येत नसले तरी कागद काय करू शकतो हे त्यांना पुरते समजले होते. सरकारने चौकशी समिती नेमली आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो कायदा कामाला आला असेल, नसेल. परंतु ज्याला आपला कागद वाचता येतो त्याला संरक्षण थोडे कमी लागते, हे मला निश्चित वाटते.

आता नकाशात जे आले नाही त्याविषयी. आपल्या गावचा जुना नकाशा काढून पाहा. सर्व शिवार रेघांनी चिरलेले दिसेल, प्रत्येक तुकड्यात आकडा दिसेल, ओढा, रस्ता, विहीर, देऊळ दिसेल. मध्ये एक जागा दिसेल, तिच्याभोवती हद्दीची रेघ आहे आणि आत घरांचे काहीच मोजमाप नाही. ते गावठाण. जेथे माणसे राहत होती, जन्मत होती, मरत होती, तेवढीच जागा मोजणीदाराने सोडून दिली. कारण उघड आहे. गावठाणातून शेतसारा येत नव्हता. नकाशाला विचारलेला प्रश्न होता ‘सारा किती?’, आणि त्याने त्या प्रश्नापुरतेच उत्तर दिले. ही जागा बहुतेक गावांत पुढे पिढ्यान्पिढ्या तशीच राहिली. शेतावर कर्ज मिळे, घरावर मिळत नसे, कारण घर कागदावर नव्हतेच. भाऊबंदकीत भिंत कोणाची हा प्रश्न आला की म्हाताऱ्यांच्या साक्षीशिवाय दुसरा आधार नसे. अलीकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोन उडवून गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि 2020 साली ‘स्वामित्व’ या नावाने देशभर तशी योजना निघाली. इंदापुरात साखळी पडली त्याला तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे होत आली होती. एवढा काळ लागला तो हत्यार नव्हते म्हणून नव्हे. शेतात लावलेली साखळी आणि शंकू घराभोवतीही चालले असते.

तसेच त्या महाराचे झाले. मोजणीदार गावात आला म्हणजे पाटील, कुलकर्णी हजर होत, आणि हद्द दाखवावयास, निशाण धरावयास, साखळी ओढावयास महाराला जावे लागे. पायातली शिव त्याने दाखवली, ती कागदावर चढली, आणि चढताक्षणी त्याचे बोलणे अनावश्यक झाले. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण असते, उत्तर दिशेचा बाण असतो, साहेबाची सही असते. ज्याच्या सांगण्यावरून रेघ मारली त्याचे नाव नसते. मान गेला, वेठ मात्र राहिली. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले ते या वेठीच्या विरुद्ध. आणि ती वतने कायद्याने रद्द व्हावयास 1958 साल उजाडावे लागले. गावनकाशातली शिवेची जाड रेघ दाखवताना वर्गात मी हे सांगतो. काही पालकांना ते आवडत नाही. परंतु नकाशा शिकवावयाचा तर तो कोणाच्या पायांनी काढला हे गाळून कसे शिकवता येईल?

मुलांना नकाशा शिकवण्याची माझी रीत साधी आहे. आधी पावले मोजावयास शिकवतो. दहा मीटर दोरी जमिनीवर ताणावी, प्रत्येकाने तिच्याकडेने तीनदा चालावे, आणि आपली किती पावले पडतात ते लिहून ठेवावे. मग शाळेचे पटांगण पावलांनी मोजावे आणि चौकटीच्या कागदावर काढावे. त्यानंतर मी म्हणतो, घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा, पाहिजे ते दाखवा. एका वर्षी धनगराच्या मुलाने काढलेला नकाशा मी ठेवून घेतला आहे. त्यात डांबरी रस्ता नव्हता. कोणाच्या रानात सुगीनंतर मेंढ्या बसवू देतात, कोण हाकलून देतो, ओढ्याला कोणत्या वळणावर माघापर्यंत पाणी टिकते, एवढेच होते. आणि जेथे कुत्रे सोडतात तेथे त्याने कुत्रे काढले होते. वर्ग हसला. मी त्या मुलाला फळ्याजवळ बोलावले आणि त्याच्याकडून तो नकाशा सगळ्यांना वाचून घेतला. त्याला विचारणारे कोणी नव्हते म्हणून त्याने स्वतःलाच प्रश्न विचारला होता: मेंढरे घेऊन जावे कोठून? विंगेटसाहेबाच्या प्रश्नाहून तो कमी खरा नव्हता.

मोठ्या माणसांनाही हे शिकता येते, आणि आता तर शिकलेच पाहिजे. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर पुष्कळ गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणून जुना कागद आणि नवा कागद जुळवताना आधी कोणत्या नंबरचा कोणता गट झाला ते पाहावे. फूट-गुंठ्यांच्या जागी मीटर व आर आले. एक गुंठा म्हणजे सुमारे एक आर, हे हाताशी ठेवावे. उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी करणारी यंत्रे शेतात आली आहेत, ती साखळीपेक्षा कितीतरी नेमकी आहेत. परंतु हद्दीचा वाद निघाला की मोजणीदार अजूनही मूळ टिपण उघडतो, आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उन्हात उभ्या असलेल्या कोणा कारकुनाने लिहिलेला साखळी-आण्यांचा आकडा शोधतो.

वाचकांना माझी एक सूचना आहे. दिवाळीला बहुतेक जण गावी जातात. फराळ झाला, फटाके झाले, की दुसऱ्या दिवशी सकाळी करण्यासारखे काही उरत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावनकाशाची आणि शेताच्या टिपणाची नक्कल रीतसर फी भरून मिळते; सुट्टीच्या आधी अर्ज करून ती आणून ठेवावी. मग घरातले सर्वांत म्हातारे माणूस आणि सर्वांत लहान शाळकरी मूल, दोघांना बरोबर घेऊन बांधावरून चालावे. मुलाच्या हाती कागद द्यावा. म्हाताऱ्याने तोंडी सांगावे. कागदावरची वळणे आणि म्हाताऱ्याने सांगितलेल्या खुणा जेथे जुळतील तेथे मुलाने टिंब द्यावे, जेथे जुळणार नाहीत तेथे फुली मारावी. शेताचे जुने नाव, बुजलेली विहीर, पडलेल्या झाडाची जागा, वहिवाटीची वाट, यांतले काहीच सरकारी नकाशात नसते. ते मुलाने आपल्या हाताने पेन्सिलीने लिहावे. म्हातारे माणूस पुढच्या दिवाळीला असेलच असे नाही, आणि त्याच्या पायांतला नकाशा कोणत्याही कचेरीत फी भरून मिळत नाही.